भट्टीचा बंध, उन्हाचा बंध

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला झरी जामणी तालुक्यातले मुकुटबन हे वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे गाव. भोवतीच्या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडी आणि कोळसा, जमिनीवर काळी माती आणि पऱ्हाटी. २०२२ पासून इथे बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा सिमेंट कारखाना चालू आहे. त्याची क्षमता वर्षाला ३९ लाख टन. सिमेंटच्या भट्टीत दगड सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो, आणि त्या वाटेवर त्याच्या आतले बंध मोडतात. याच परिसरातल्या शेतात बोंडावरचे दव कोवळ्या उन्हात उडून जाते. तिथेही बंधच मोडतात, फक्त त्यांना भट्टी लागत नाही. रेणूच्या आतले बंध आणि रेणूरेणूंमधली ओढ यांतला हा फरक अकरावीच्या रसायनशास्त्रात शिकवला जातो. पहिले प्रबळ आणि दुसरे दुर्बल, असे दोन रकाने विद्यार्थी पाठ करतात. पाठ करताना एक समज नकळत मनात बसतो: जे दुर्बल ते दुय्यम, जगाचा खरा भार प्रबळ बंध वाहतात, बाकीचे किरकोळ. हा समज चुकीचा आहे आणि तो चुकीचा असल्याचे पुरावे मुकुटबनच्या शिवारात जागोजागी आहेत. वस्तू घन राहणार की वायू होणार, भिजणार की कोरडी राहणार, फुगणार की भेगाळणार, हे ठरवण्यात दुर्बल म्हटल्या जाणाऱ्या बलांचा हात मोठा असतो. तो असतो याचे कारणच ती बले रोजच्या तापमानाला सुटू शकतात आणि पुन्हा जुळू शकतात, हे आहे.

आधी हिशेब मांडू, कारण आकड्यांशिवाय प्रबळ आणि दुर्बल ही नुसती विशेषणे राहतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातला एक सहसंयुज बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६३ किलोज्यूल ऊर्जा लागते. शेजारच्या दोन रेणूंमधल्या हायड्रोजन बंधाला साधारण २० किलोज्यूल पुरतात. तिसरा आकडा पुस्तकात या दोघांच्या शेजारी क्वचित दिसतो, पण खरी किल्ली तोच आहे. तीस अंश तापमानाला रेणूंची जी आपोआप धडपड चालू असते, तिची ऊर्जा मोलमागे अडीच किलोज्यूलच्या घरात असते. हायड्रोजन बंध या धडपडीच्या आठपट आहे, सहसंयुज बंध जवळजवळ १८५ पट. आठपट हे अंतर असे आहे, की बंध टिकतोही आणि तुटतोही. द्रव पाण्यातला एक हायड्रोजन बंध सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास टिकतो, मग सुटतो आणि तोच रेणू दुसऱ्या शेजाऱ्याला धरतो. १८५ पट अंतरावर मात्र धडपडीचा उपयोगच होत नाही. तो बंध एखादी रासायनिक अभिक्रिया किंवा भट्टीचे तापमान येईपर्यंत जिथल्या तिथे राहतो. म्हणजे कोणत्याही बंधाचे बळ एकट्याने मोजण्यात अर्थ नाही. ते भोवतालच्या उष्णतेशी ताडून पाहावे लागते.

पाण्याचे उदाहरण आणखी थोडे ताणून पाहू. शंभर अंशांवरच्या एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात. त्या वाफेतला प्रत्येक रेणू फोडून सुटे अणू करायचे ठरवले, तर आणखी ५१ हजारांच्या वर किलोज्यूल ओतावे लागतील, म्हणजे जवळपास तेवीसपट. चुलीवरचे पातेले पहिला आकडा सहज पार करते, दुसऱ्याच्या जवळपासही जात नाही. दोन हजार अंशांच्या वर नेले तरी पाण्याचे थोडेच रेणू फुटतात. तरीही उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असते, असे विचारले की हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे उत्तर येते. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बर्न आणि मार्क कॉस्ग्रोव्ह यांनी १९८३ साली शाळकरी मुलांच्या कल्पना तपासल्या, तेव्हा हे उत्तर त्यांना वारंवार मिळाले आणि विज्ञान शिकत असलेली मोठी मुलेही ते देत होती. त्या मुलांना दोन्ही व्याख्या येत नव्हत्या असे नाही. त्यांना कोणीतरी पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: इथे नेमके काय तुटले, आणि ते तोडायला लागणारी ऊर्जा आली कुठून?

हाच प्रश्न मुकुटबनच्या भट्टीला विचारला की पहिली अडचण लगेच समोर येते. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि तिच्यात रेणूच नसतात. कॅल्शियमचे धन आयन आणि कार्बोनेटचे ऋण आयन एकमेकांना विद्युत ओढीने धरून लांबच लांब जाळी करतात. कार्बोनेटच्या प्रत्येक आयनाच्या आत मात्र कार्बन आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात. तापमान ९०० अंशांच्या आसपास गेले की कार्बोनेटचा आयन मोडतो. एक ऑक्सिजन कॅल्शियमकडे राहतो, त्याचा चुना होतो, आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडीच्या एका टनातून असा ४४० किलो वायू सुटतो. कितीही कार्यक्षम भट्टी बांधली तरी हा आकडा कमी होत नाही, कारण तो इंधनातून आलेला नसून दगडाच्या आतच बांधलेला होता. सिमेंट उद्योगाचा हवामानबदलाशी जो संबंध आहे, त्याचा मोठा भाग या एका तुटण्यात आहे. इथवर प्रबळ बंधांचाच अंमल दिसतो, आणि तो खराही आहे.

पण त्याच भट्टीत चुनखडीबरोबर मातीतली सिलिकाही जाते, आणि इथे वाचकाने क्षणभर थांबावे. कार्बन आणि सिलिकॉन हे आवर्तसारणीत एकाखाली एक असलेले सख्खे शेजारी. दोघांचीही ऑक्साइडे एका अणूमागे दोन ऑक्सिजन अशाच प्रमाणाची. कार्बन डायऑक्साइडमधल्या कार्बन–ऑक्सिजन बंधाची ऊर्जा ८०० किलोज्यूलच्या जवळ आहे, सिलिकामधल्या सिलिकॉन–ऑक्सिजन बंधाची सुमारे ४५०. बंध जितका मजबूत तितका पदार्थ टणक, हा समज खरा असता तर कार्बन डायऑक्साइडचे दगड झाले असते आणि वाळू हवेत विरली असती. घडते उलट. कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून वर जातो, वाळू १,७०० अंशांच्या आसपास कुठे वितळते. कारण कार्बन डायऑक्साइडचा प्रत्येक रेणू स्वतःपुरता पूर्ण असतो, त्याला शेजाऱ्याशी बांधायला फक्त क्षीण आकर्षण उरते, आणि ते उणे ७८ अंशांनाच सुटून जाते. सिलिकात असा सुटा रेणू नसतो; बंधांचे जाळे कणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते. म्हणजे पदार्थ घन की वायू हे ठरवताना रेणूच्या आतल्या बंधाचे बळ जवळजवळ गैरलागू ठरते. पदार्थ उडताना सुटणाऱ्या कड्या कोणत्या, यावर सगळे अवलंबून असते. अकरावीच्या वर्गात ही एक तुलना नीट समजावून दिली, तर त्यानंतरच्या चार पानांचे पाठांतर वाचेल असे मला वाटते.

भट्टीतून शेताकडे वळू. कापसाच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची अट असते. भारतीय कपास निगमाच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण दर मिळतो, पुढच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात होते, आणि १२ टक्क्यांच्या वरचा माल नाकारला जातो. यंत्राचे टोक ढिगात खुपसले जाते, आकडा उमटतो आणि त्या आकड्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. हे यंत्र कापसाचा विद्युतरोध मोजते. धाग्यात पाणी जितके जास्त, तितका रोध कमी. पण कापसात पाणी असते तरी कशाला? सरकीवरचा धागा बहुतांशी सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची सरळ साखळी, आणि कापसात एका साखळीत दहा हजारांच्या आसपास कड्या असू शकतात. प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे एका साखळीवर तीस हजार ठिकाणे, जिथे हायड्रोजन बंध जुळू शकतो. शेजारशेजारच्या साखळ्या यातल्या असंख्य ठिकाणी एकमेकींना धरतात आणि नीट रचलेले, स्फटिकासारखे पट्टे तयार होतात. जिथे रचना विस्कळीत राहते तिथले गट मोकळे असतात, आणि हवेतले पाणी तिथे येऊन बसते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी आपोआप धरतो. त्याच हवेत पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही, कारण त्याच्या साखळीवर असे मोकळे गट जवळजवळ नसतात.

याचा अर्थ असा, की ८ टक्के ही मर्यादा कापसाच्या स्वभावाशी जुळते. हा साधारण कोरड्या दिवसातला कापूस. पण हिवाळ्यातल्या पहाटे आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर गेली, की एक थेंबही न शिंपडता कापसाचा ओलावा १२ च्या पुढे जाऊ शकतो. दव सुकल्यावर वेचणी करावी, वेचलेला माल उन्हात पसरावा, हा जुनाजाणता सल्ला म्हणजे हायड्रोजन बंधांना सुटायला दिलेला वेळ आहे. ओलावा जास्त भरला म्हणून शेतकऱ्याने पाणी मारले असेच समजणे अन्यायाचे ठरू शकते. हवेची आर्द्रता विचारात घेतल्याखेरीज हा आकडा अपुरा आहे. आणि पाणी उन्हाने निघून जाते ते याचसाठी, की ते वीस-बावीस किलोज्यूलच्या कड्यांनी बांधलेले होते. ते सहसंयुज बंधांनी बांधलेले असते, तर कापूस वाळवता वाळवता कोळसा झाला असता.

इथे एक आक्षेप रास्त आहे. धाग्याचे बळ तर शेवटी साखळीतल्या सहसंयुज बंधांचेच ना? दहा हजार कड्या एकमेकींना धरून नसत्या तर हायड्रोजन बंध कोणाला धरणार होते? हे खरे आहे, आणि प्रबळ बंधांचे श्रेय काढून घेण्याचा इथे हेतू नाही. पण केवळ साखळीचे बंध पुरेसे असते तर रेयॉन आणि कापूस सारखेच वागले असते. रेयॉनही सेल्युलोजच, तेच ग्लुकोज, तोच बंध. फक्त साखळ्या कितीतरी आखूड आणि रचना सैल. भिजल्यावर रेयॉनचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते, कारण पाणी साखळ्यांच्या मधे शिरते आणि त्या एकमेकींवरून घसरतात. कापूस भिजल्यावर उलट थोडा अधिक मजबूत होतो. त्याच्या लांब साखळ्या आणि स्फटिकी पट्टे पाण्याला दाद देत नाहीत, आणि विस्कळीत भागातला ताण पाण्याने सैल झाल्यामुळे ओढ सगळ्या तंतूंत वाटली जाते. धोब्याच्या दगडावर कापडाने वर्षानुवर्षे मार खाल्ला तो या गुणावर. इस्त्रीआधी सुती सदऱ्यावर पाणी शिंपडण्याचे कारणही हेच: पाणी सुरकुतीतले जुने हायड्रोजन बंध सोडवते, उष्णता ते पाणी उडवते, आणि कापड सपाट असतानाच नवे बंध जुळतात. एकच सहसंयुज बंध न तोडता कापडाचा आकार बदलतो. सदरा पुन्हा चुरगळतो तेही त्याचमुळे.

या कापसाखालची काळी मातीही हेच सांगते. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे. पापुद्र्याच्या आत सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे घट्ट बंध असतात, ते ना पावसाने सुटतात ना मे महिन्याच्या उन्हाने. पापुद्र्यांच्या मधे मात्र कॅल्शियम, सोडियम यांचे सुटे आयन असतात आणि पाण्याचे रेणू त्यांच्याकडे ओढले जातात. पाण्याचे दोन थर आत शिरले की एका पापुद्र्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर एक नॅनोमीटरवरून दीड नॅनोमीटरवर जाते. असे अगणित पापुद्रे एकाच वेळी फुगले की जमीन फुगते, चिखल पायाला सोडत नाही, आणि उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेले की हात जाईल अशा भेगा पडतात. कोरडवाहू शेतीसाठी यात एक कठीण गोष्टही दडली आहे. काळी माती पाणी पुष्कळ धरते, पण सगळे देत नाही. मातीच्या पृष्ठभागाला अगदी चिकटून बसलेले पाणी ओढून काढायला मुळांना वातावरणदाबाच्या सुमारे पंधरापट जोर लावावा लागला, की बहुतेक पिके सुकू लागतात. मातीत पाणी असते आणि पऱ्हाटी मात्र माना टाकते. पुस्तकात ज्या ओढीला दुर्बल म्हणून एका ओळीत निकालात काढले जाते, तिच्यापुढे मुळांचा जोर कमी पडतो.

आता कारखान्याकडे परत, कारण सिमेंटची गोष्ट भट्टीत संपत नाही. क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले भाजलेले खडे, दळताना एक वेगळीच अडचण येते: कण जितका बारीक होतो, तितका तो शेजारच्या कणाला चिकटतो आणि गिरणीच्या पोलादी गोळ्यांवर थर बसतो. हा चिकटपणा पुन्हा पृष्ठभागांमधल्या आकर्षणाचा आहे. त्यावर उपाय म्हणून दळताना टनामागे काही शे ग्रॅम ग्लायकोल किंवा अमाइन वर्गातले रसायन टाकतात. ते नव्याने फुटलेल्या पृष्ठभागावर बसते आणि कणांची एकमेकांवरची ओढ कमी करते. तेवढ्याने विजेचा खर्च घटतो. पुढे बांधकामावर सिमेंटमध्ये पाणी पडते. सिमेंट वाळून घट्ट होते असे सर्रास म्हटले जाते, पण ते वाळत नाही, पाण्याशी त्याची अभिक्रिया होते; म्हणूनच नव्या स्लॅबवर दिवसेंदिवस पाणी मारावे लागते. या अभिक्रियेत सिमेंटच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधले जाते, आणि आणखी १५ टक्क्यांच्या आसपास पाणी अभिक्रियेतून बनलेल्या जेलच्या सूक्ष्म पोकळ्यांत पृष्ठभागाला धरून राहते. दुसरे पाणी १०५ अंशांच्या भट्टीत निघून जाते. पहिले पूर्ण काढायला हजार अंशांच्या जवळ जावे लागते. एकाच काँक्रीटच्या तुकड्यात बंधांच्या दोन्ही प्रती अशा वेगवेगळ्या करून मोजता येतात.

तर काँक्रीटचे बळ कोणत्या प्रतीचे? इथे प्रबळ बंधांच्या बाजूने बोलणाऱ्याचा दावा तगडा आहे, कारण सिमेंटचे जेल म्हणजे कॅल्शियम, सिलिकेट आणि पाणी यांची रचना, आणि तिच्या प्रत्येक कणाच्या आत सिलिकॉन–ऑक्सिजनचे पक्के बंध आहेत. पण हे कण काही नॅनोमीटर आकाराचे आहेत, आणि कणाला कण कशाने धरतो हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत रोलां पेलेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या जेलची रेणूंच्या पातळीवरची प्रतिकृती मांडली, आणि तेव्हापासून या संशोधनाला वेग आला. कणांचे पृष्ठभाग ऋणभारित असतात, त्यांच्यामधल्या पाण्यात कॅल्शियमचे आयन असतात, आणि या आयनांमुळे समान भाराचे पृष्ठभागही एकमेकांकडे ओढले जातात, असे चित्र त्यातून पुढे आले. ही ओढ निव्वळ व्हॅन डर वाल्स आकर्षणाहून, म्हणजे रेणूरेणूंमधल्या क्षीण ओढीहून, बरीच मोठी आहे, पण कणाच्या आतल्या सहसंयुज बंधाइतकी पक्की नाही. पुस्तकातल्या दोन रकान्यांपैकी ती कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. पूल आणि धरणे ज्या पदार्थाची बांधतो त्याचे बळ या मधल्या जागेत आहे.

मग दुसरा आक्षेप येतो, आणि तो शिक्षकांचा असतो. सोळा वर्षांच्या मुलाला आधी सोपे दोन रकाने द्यावेत, अपवाद नंतर. नाहीतर गोंधळ उडेल. या आक्षेपात अनुभव आहे, तो हलक्यात घेऊ नये. परंतु दोन रकान्यांच्या रेषा मुळात दोन आहेत, एक नाही, आणि पुस्तक त्या एकाच रेषेवर आणून ठेवते. रेणूच्या आत की बाहेर ही एक विभागणी. महागडा बंध की स्वस्त बंध ही दुसरी. त्या दोन्ही जुळतातच असे नाही. बारावीत येणारे नायट्रोफेनॉल पाहा. ऑर्थो नायट्रोफेनॉलमध्ये हायड्रोजन बंध रेणूच्या आतच, एका गटाकडून शेजारच्या गटाकडे जुळतो. पॅरा नायट्रोफेनॉलमध्ये हे गट दूर असल्यामुळे तो शेजारच्या रेणूशी जुळतो. सूत्र तेच, अणू तेवढेच. पण पहिले सुमारे ४५ अंशांना वितळते आणि वाफेबरोबर सहज निघून येते, दुसरे ११४ अंशांपर्यंत घट्ट राहते. इथे बंधाच्या किमतीपेक्षा त्याच्या पत्त्याला महत्त्व आले. हे उदाहरण त्याच मुलांना एका वर्षाने शिकायचेच आहे. मग सुरुवातीलाच दोन्ही प्रश्न वेगळे विचारले, तर गोंधळ वाढण्याऐवजी कमीच होईल.

रेणूच्या आतला हायड्रोजन बंध मोजायचा कसा, या प्रश्नावर पुण्यात महत्त्वाचे काम झाले आहे, आणि ते मराठी वाचकांपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही. दोन सुट्या रेणूंमधला बंध मोजणे तत्त्वतः सोपे: दोघांना दूर न्या आणि ऊर्जेतला फरक पाहा. एकाच रेणूतल्या दोन भागांना दूर नेता येत नाही, नेले तर रेणूच मोडतो. पुणे विद्यापीठातले सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ प्रा. श्रीधर गद्रे, ज्यांना १९९३ चा भटनागर पुरस्कार मिळाला, यांच्या गटाने मोठे रेणू संगणकात एकमेकांवर येणाऱ्या तुकड्यांत कापून, त्यांची गणिते करून, उत्तरे पुन्हा जोडण्याची पद्धत नव्वदच्या दशकात विकसित केली. तिला त्यांनी शिंपीकामाचे नाव दिले, मॉलिक्युलर टेलरिंग. २००६ मध्ये मिलिंद देशमुख, गद्रे आणि लिबेरो बार्टोलोटी यांनी याच पद्धतीने रेणूच्या आतल्या एकेका हायड्रोजन बंधाची ऊर्जा काढून दाखवली. ज्या रेणूत असे अनेक बंध एकमेकांना आधार देतात, तिथे एकेकट्या बंधाचा वाटा वेगळा काढता येऊ लागला. हायड्रोजन बंध म्हणजे नेमके काय, याची व्याख्या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने २०११ मध्ये नव्याने केली, तीही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले ई. अरुणन यांच्या पुढाकाराखालच्या गटाने तयार केली होती. दुर्बल बंधांचा अभ्यास हा गेली कित्येक वर्षे भारतीय रसायनशास्त्राचा बालेकिल्ला राहिला आहे.

शेवटचा आणि सगळ्यांत गंभीर पुरावा यवतमाळ जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातला आहे. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयात गेले. वापरलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशके होती. ही विषे शरीरात काय करतात ते बंधांच्या भाषेत स्पष्ट सांगता येते. मज्जातंतूकडून स्नायूकडे संदेश नेणारे ॲसिटाइलकोलिन काम झाल्यावर ताबडतोब नष्ट व्हावे लागते, आणि ते काम एक विकर करते. ॲसिटाइलकोलिन त्या विकराच्या खाचेत दुर्बल आकर्षणांनी येऊन बसते. मग त्याचा एक तुकडा विकराला क्षणभर सहसंयुज बंधाने जोडला जातो आणि पाणी तो मिलिसेकंदाच्या आत सोडवते. विकराचा एक रेणू सेकंदाला असे हजारो रेणू निकालात काढतो. ऑरगॅनोफॉस्फरस विष त्याच जागी फॉस्फरसचा बंध जोडते, आणि हा बंध पाण्याला सहज सुटत नाही. हजारो वेळा उघडझाप करणारी जागा एकदाच बंद होते आणि बंदच राहते. संदेश थांबत नाहीत, तोंडातून लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, छाती भरून येते, श्वास घुसमटतो. प्रबळ बंध म्हणजे श्रेष्ठ बंध असे मानणाऱ्याने या विकराकडे पाहावे. शरीर चालते ते बंध वेळेवर सुटतात म्हणून.

या विषबाधेवरच्या दोन औषधांतही बंधांच्या दोन प्रती दिसतात. ॲट्रोपिन विषाला हातही लावत नाही. ते ॲसिटाइलकोलिनच्या ग्राहक जागा दुर्बल आकर्षणांनी अडवून धरते. ते सुटत राहते, म्हणून रुग्णाची लक्षणे पाहत पुन्हा पुन्हा द्यावे लागते. दुसरे औषध प्रालिडॉक्सिम, ज्याला रुग्णालयात पॅम म्हणतात, ते थेट फॉस्फरसच्या बंधावर काम करते आणि विकर मोकळे करते. त्याचा प्रत्यक्ष फायदा किती, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत, आणि मतभेदाचे एक कारण वेळ हे आहे. विकराला चिकटलेल्या फॉस्फरसच्या तुकड्यातून काही तासांत आणखी एक गट गळून पडतो. त्यानंतर उरलेला बंध प्रालिडॉक्सिमलाही तोडता येत नाही आणि शरीराला नवे विकर तयार करावे लागते, ज्याला दिवस आणि आठवडे जातात. मोनोक्रोटोफॉससारख्या डायमिथाइल प्रकारच्या विषांत हा बदल डायइथाइल प्रकाराच्या विषांपेक्षा कितीतरी लवकर होतो; निम्मे विकर चारेक तासांतच कायमचे निकामी होते. झरीच्या शिवारातून यवतमाळच्या शासकीय रुग्णालयापर्यंतचा प्रवास या चार तासांतूनच वजा होतो.